पाइप फुटला तर पाणी नेमकं कुठून बंद करायचं?

बेसिनखालचा अँगल कॉक तुटला की भिंतीतून पाण्याची सरळ धार सुटते. मग घरात कुणी चिंधी दाबून धरतं, कुणी प्लंबरला फोन लावतं, तर कुणी खाली मीटरजवळचा कॉक बंद करायला पळतं. तो कॉक बंद होतो, पण घरातलं पाणी काही थांबत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत आणि बंगल्यांत महापालिकेचं पाणी मीटरमधून आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं. तिथून मोटरने ते गच्चीवर चढतं आणि गच्चीवरच्या टाकीतून उतरत्या पाइपांनी आपल्या नळांना येतं. मीटरजवळचा कॉक फक्त खालची टाकी भरणं थांबवतो. वरच्या टाकीत हजार लिटर पाणी असेल तर ते सगळं घरात उतरू शकतं. म्हणून आधी शोधायचा तो घरातला कॉक, आणि त्यानंतर गच्चीवरचा.

घरात शोधा

बेसिन, फ्लश टँक आणि गीझरखाली छोटे अँगल कॉक असतात. त्यांनी तेवढं एकच ठिकाण बंद होतं. बाथरूमच्या भिंतीत, बहुधा डोक्याच्या उंचीला किंवा त्याहून वर, एखादी मूठ दिसते आणि तिच्याखाली नळ नसतो. तो कन्सिल्ड स्टॉप कॉक. त्याने सहसा त्या बाथरूमचं सगळं पाणी बंद होतं. स्वयंपाकघराची लाइन बऱ्याचदा वेगळी असते, तिचा कॉक सिंकच्या वर, ड्राय बाल्कनीत किंवा डक्टमध्ये (पाइप उतरतात त्या उभ्या पोकळीत) सापडतो. अख्ख्या फ्लॅटला मिळून एकच कॉक असेल असं धरून चालू नका. दोन-तीन लाइन असतील तर दोन-तीन कॉक असणारच.

मग गच्चीवर जा

यासाठी दुपारची वेळ बरी, तेव्हा पाण्याचा वापर कमी असतो. एकाच पाइपवर वरखालची घरं असू शकतात, म्हणून शेजाऱ्यांना आणि वॉचमनला आधी सांगा. घरातल्या कुणाला तरी नळ सोडून फोनवर थांबायला लावा. टाकीच्या बुडाजवळून निघणाऱ्या पाइपांवरचे कॉक एकेक करून बंद करत जा. पाइपात आधीच भरलेलं पाणी उतरायला वेळ लागतो, त्यामुळे दरवेळी दोन-तीन मिनिटं थांबा. धार बारीक होत बंद पडली की तो आपला कॉक. तिथल्या तिथे पाइपवर ऑइलपेंटने लिहून टाका: ‘३०२ स्वयंपाक’, ‘३०२ बाथरूम’. गच्चीला कुलूप असेल तर किल्ली रात्री कुणाकडे असते, हेही याच वेळी विचारून घ्या.

बंद करताना

लांब दांडीचा बॉल व्हॉल्व्ह सोपा. दांडी पाइपच्या रेषेत असेल तर चालू, पाव फेरा फिरवून आडवी केली की बंद. गोल चाकाचा गेट व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बरेच फेरे फिरवावा लागतो. तो वर्षानुवर्षं हलवलेला नसेल तर जाम झालेला असतो, आणि बोअरच्या पाण्याचे क्षार बसले असतील तर जास्तच. अशा वेळी पाना लावून जोर करू नका. आतला दांडा मोडला तर तो कॉक उघडताही येत नाही आणि बंदही होत नाही. दांड्यावर थोडं तेल सोडा, थोडं पुढे, थोडं मागे असं हलवत सैल करा. दांड्याच्या बुडाशी पाणी झिरपायला लागलं तर तिथला नट पान्याने अगदी थोडा आवळा. तरीही हलत नसेल तर प्लंबरकडून तो बदलून पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. खर्च होतो, पण करण्यासारखा आहे.

गच्चीपासून दर १० मीटर खाली पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलोने वाढतो. उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी म्हणूनच हे काम अजिबात लांबणीवर टाकू नये.

प्रत्यक्ष फुटल्यावर

पाणी स्विचबोर्डकडे जात असेल आणि मेन स्विचपर्यंत कोरड्या पायांनी पोहोचता येत असेल, तर आधी वीज बंद करा. ओल्यात उभं राहून स्विचला हात लावू नका. मग कॉक बंद करा आणि घरातला सर्वांत खालचा नळ सोडा, म्हणजे पाइपात राहिलेलं पाणी फुटलेल्या जागेऐवजी तिकडून निघेल. गीझर बंद ठेवा. सोलरची गरम पाण्याची लाइन वेगळी उतरते. फुटलेला पाइप गरम पाण्याचा असेल तर सोलरच्या टाकीखालचा कॉक बंद करावा लागेल.

दुरुस्तीनंतर कॉक हळूहळू उघडा. एक नळ सोडून ठेवा, आधी हवा फुरफुरत निघेल, मग गढूळ पाणी येईल. ते स्वच्छ होईपर्यंत प्युरिफायरचा कॉक बंदच असू द्या. गरम पाण्याच्या नळाला अखंड धार आली की मगच गीझर लावा.

हे सगळे कॉक दर सहा महिन्यांनी एकदा बंद करून पुन्हा उघडा. घरातल्या आजी-आजोबांना आणि कळत्या मुलांना ते दाखवून ठेवा, पाइप फुटेल तेव्हा घरी तेच असू शकतात.