मराठी ईमेलची अक्षरे विस्कटतात तेव्हा : बिघाड ओळखणे आणि पत्र वाचवणे

इंदूरच्या मराठी मंडळांचा बराच पत्रव्यवहार आता ईमेलनेच चालतो. गणेशोत्सवाचे निमंत्रण असो किंवा वाचनालयाच्या वार्षिक सभेची सूचना, ती एकाच वेळी कोणाच्या जीमेल खात्यावर, कोणाच्या कारखान्यातील जुन्या सर्व्हरवर आणि परदेशी स्थायिक झालेल्या सभासदाच्या कार्यालयीन खात्यावर पोहोचते. एका ठिकाणी ती स्वच्छ वाचता येते आणि दुसऱ्या ठिकाणी निव्वळ चिन्हांची रांग दिसते. अशा वेळी त्या पत्राला उत्तर देऊ नये, ते पुढे पाठवू नये आणि पडद्यावरचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवू नये. मूळ पत्रातील बाइट (अक्षरे साठवण्याचे एकक; प्रत्येकात आठ बिट, म्हणजे ० किंवा १ असे आठ अंक) अनेकदा शाबूत असतात. त्यांची खरी हानी या घाईच्या उपायांनी होते.

ईमेल वाहून नेणारा एसएमटीपी हा संकेत १९८२ साली ठरला तेव्हा त्याने प्रत्येक बाइटचे सातच बिट गृहीत धरले होते, कारण रोमन अक्षरांना तेवढे पुरत होते. यूटीएफ-८ मध्ये (सर्व लिप्यांसाठीच्या युनिकोड या संकेताच्या बाइटमधील रूपात) मात्र देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि त्या तिन्हींचा आठवा बिट वापरात असतो. १९९२ साली आलेल्या माइम या व्यवस्थेने यावर दोन उपाय दिले : मजकूर कोणत्या संकेतात आहे हे सांगणारी कॅरसेटची चिठ्ठी, आणि आठ बिटांचा मजकूर सात बिटांत सुरक्षित गुंडाळण्याच्या बेस६४ व कोटेड-प्रिंटेबल या पद्धती. वाटेतल्या एखाद्या सर्व्हरने ही चिठ्ठी गाळली, बदलली किंवा गुंडाळलेला मजकूर अर्धवट सोडवला की अक्षरे विस्कटतात.

बिघाड कोठे झाला हे विस्कटलेल्या मजकुराच्या रूपावरूनच बरेचसे कळते, म्हणून ते रूप नीट पाहावे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ए आणि त्याच्या मागे चार टोके फुटलेले वर्तुळ किंवा येनचे चिन्ह, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर यूटीएफ-८ मजकूर विंडोज-१२५२ (पश्चिम युरोपीय भाषांचा जुना संकेत) समजून वाचला गेला आहे; हे पत्र बहुधा वाचवता येते. रोमन अक्षरांच्या सलग गर्दीत ४ आणि के ही जोडी दर चार अक्षरांनी येत असेल, तर ते न सोडवलेले बेस६४ आहे आणि त्यातून मजकूर पूर्णपणे परत मिळतो. बरोबरच्या (=) चिन्हामागे ई० आणि ए४ किंवा ए५ दिसत असतील, तर तेच कोटेड-प्रिंटेबलचे. डॉलर किंवा टक्क्याची चिन्हे ठरावीक अंतराने येत असतील, तर जुन्या सर्व्हरने आठवा बिट कापला आहे आणि पत्र पुन्हा मागवणेच सोयीचे. अक्षरांच्या जागी साधी प्रश्नचिन्हे असतील, तर आधी पत्राचे मूळ रूप तपासावे. तेथेही प्रश्नचिन्हेच असतील तर मजकूर गेला, कोणतेही साधन तो परत आणू शकत नाही.

या शेवटच्या प्रकारात सर्व्हरला दोष देण्याआधी सभासदांची यादी तपासावी. एक्सेलमधून साध्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणाऱ्या साध्या मजकुराच्या) प्रकारात जतन केलेल्या यादीतील देवनागरी नावांची प्रश्नचिन्हे तेथेच होतात, पत्र निघण्याच्याही आधी. यादी ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारातच जतन करावी. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर हे आणखी वेगळे प्रकरण आहे, कारण त्यात मुळात रोमन संकेतच असतात आणि फाँट त्यांना देवनागरी रूप देतो. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करूनच पाठवावा आणि रूपांतरानंतर ळ, ॲ आणि ‘दुसऱ्या’मधला ऱ्या डोळ्यांनी तपासावा, कारण हिंदीसाठी केलेली साधने नेमकी येथे चुकू शकतात.

मूळ रूप पाहण्यासाठी जीमेलमध्ये तीन टिंबांच्या मेनूतून ‘शो ओरिजिनल’ निवडावे आणि थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये कंट्रोल व यू या कळा दाबाव्यात. तेथे कंटेंट-टाइप या ओळीतील कॅरसेट आणि कंटेंट-ट्रान्सफर-एन्कोडिंग ही ओळ वाचावी. रिसीव्ह्ड या ओळी खालून वर वाचल्या की पत्राचा मार्ग क्रमाने समजतो. केवळ चिठ्ठी चुकली असेल, तर पत्र ईएमएल फाइल म्हणून उतरवून थंडरबर्डमध्ये उघडावे आणि व्ह्यू मेनूतील ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ वापरावे.

विस्कटलेली अक्षरेच पुन्हा यूटीएफ-८ म्हणून साठवली गेली असतील, तर काम नाजूक होते. तो मजकूर विंडोज-१२५२ मध्ये जतन करून यूटीएफ-८ म्हणून उघडल्यास पुष्कळसा परत येतो, परंतु विंडोज-१२५२ मध्ये पाच बाइटना अक्षरच नेमलेले नाही आणि हलन्त, ऱ्हस्व उकार, ए, ऐ, झ व चंद्रबिंदू यांचे शेवटचे बाइट त्याच पाचांत मोडतात. अनेक प्रोग्राम ते गाळतात. ठ चा शेवटचा बाइट न तुटणाऱ्या रिकाम्या जागेचा असल्याने ‘मराठी’ हा शब्दसुद्धा नुसत्या कॉपी-पेस्टने मोडू शकतो. दुरुस्तीनंतर जोडाक्षरे प्रथम तपासावीत, ती याचसाठी.

मजकूर ठीक असून विषयाच्या ओळीतच काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर ती ओळ चुकीच्या जागी तोडली गेली आहे. विषयाचा प्रत्येक सांकेतिक तुकडा ७५ रोमन अक्षरांपेक्षा लांब असू नये असा नियम आहे आणि बेस६४ मध्ये तेवढ्यात देवनागरीची जेमतेम १५ चिन्हे मावतात. काना, मात्रा, अनुस्वार हेही स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जातात. काही प्रोग्राम चिन्हाच्या मध्येच तुकडा पाडतात, म्हणून सामूहिक पत्राचा विषय ‘सभेची सूचना’ इतका आटोपशीर ठेवावा.

मंडळाच्या संकेतस्थळावरून आपोआप जाणाऱ्या पत्रांत कॅरसेट यूटीएफ-८ आणि गुंडाळणी बेस६४ असे स्पष्ट लिहून घ्यावे. पत्त्याचा प्रश्न मात्र याहून निराळा आहे. देवनागरीतील ईमेल पत्ते चालवणारा एसएमटीपीयूटीएफ८ हा विस्तार २०१२ सालचा असून तो न जाणणारा सर्व्हर असे पत्र स्वीकारत नाही व ते पाठवणाऱ्याकडे परत येते, म्हणून ‘.भारत’ या नावाखाली पत्ता घेतला तरी त्याच्या जोडीला रोमन लिपीतील पत्ता चालू ठेवावा आणि निमंत्रणावर दोन्ही छापावेत.