मटणाचे पोषणमूल्य: दुकानापासून ताटापर्यंतचा हिशेब

पोषणमूल्यांच्या तक्त्यातील ‘मटण’ ही एकच ओळ वाचून आहाराचा हिशेब मांडला, तर तो सहसा फसतो. आपल्याकडे मटण म्हणजे कुठे बोकडाचे, तर कुठे मेंढीचे. परदेशी तक्त्यांतील ‘लॅम्ब’ म्हणजे मात्र साधारणतः वर्षाच्या आतील कोकराचे मांस. चरबी काढलेल्या १०० ग्रॅम कच्च्या बोकडाच्या मांसात सुमारे १०९ कॅलरी, २०.६ ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम २.३ ग्रॅम चरबी असते, तर तेवढ्याच वजनाच्या चरबीयुक्त कोकराच्या मांसात २८० च्या आसपास कॅलरी आणि २३ ग्रॅमपर्यंत चरबी असू शकते. त्यामुळे खाटकाकडे गेल्यावर भावाच्या आधी मटण बोकडाचे आहे की मेंढीचे, हे विचारावे. बोकडाची चरबी बहुतांशी पोटात, गुर्द्याभोवती साठते, मेंढीची मात्र कातडीखालीही जाड थराने असते; टांगलेल्या धडाच्या पाठीकडे नीट पाहिले तरी अंदाज येतो.

त्यानंतर भाग निवडावा. प्रथिने हवी असतील तर मांडीचे मांस घ्यावे आणि वरची पांढरी चरबी दुकानातच काढून घ्यावी. सीना (छाती) आणि चाप (बरगड्या) चवीला सरस असले तरी त्यांत चरबीचे पदर असतात. नळीसाठी घरोघरी भांडणे होतात, पण ‘ताकद येते’ म्हणून चोखला जाणारा तो मगज बहुतांशी चरबीच असतो, हे चोखणाऱ्याने ठाऊक असून चोखावे.

खरी गफलत वजनात होते. हाडासकट घेतलेल्या एक किलो मटणात साधारण ७०० ग्रॅम मांस निघते आणि शिजताना पाणी व चरबी सुटून ते ५०० ग्रॅमच्या आसपास उरते. म्हणजे माणशी पाव किलो मटण आणले, तर ताटात सुमारे १२५ ग्रॅम शिजलेले मांस येते आणि त्यातून ३५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हे भारतीय प्रमाण धरले, तर ६० किलो वजनाच्या माणसाची दिवसाची गरज ५० ग्रॅम होते. शिजलेल्या मांसाच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे २७ ग्रॅम प्रथिने दिसतात. तो आकडा कच्च्या वजनाला लावू नये.

शिजवताना ब गटातील जीवनसत्त्वांचा काही भाग पाण्यात उतरतो, म्हणून मटण उकडलेले पाणी ओतून देऊ नये. कोल्हापूरकडे हेच पाणी, म्हणजे आळणी, आधी वाढण्याची रीत आहे, ती या दृष्टीनेही उत्तम. मात्र पायाच्या सूपातून भरपूर कॅल्शियम मिळते ही समजूत खरी नाही. हाडांतून पाण्यात येते ते मुख्यतः जिलेटिन. रश्श्यातील चरबी कमी करायची असेल, तर आळणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी वर गोठलेला पांढरा थर चमच्याने उचलून टाकावा आणि मग फोडणी द्यावी.

लोहाचा विचार थोडा निराळा करावा लागतो. बोकडाच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात लोह २.८ मिलिग्रॅमच्या जवळपास असते, तर प्रौढ स्त्रीसाठी भारतीय शिफारस रोज २९ मिलिग्रॅमची आहे. आकडा किरकोळ वाटला तरी मांसातील लोह शरीरात सहज शोषले जाते आणि सोबतच्या बाजरीच्या भाकरीतील लोहाचे शोषणही वाढवते. वरून लिंबू पिळावे आणि चहा निदान तासभर लांबवावा. काळजात, म्हणजे यकृतात, लोह कितीतरी जास्त, पण अ जीवनसत्त्वही अतोनात असते, म्हणून गरोदर स्त्रियांनी ते टाळावे.

मटणाखेरीज इतर लाल मांसांपैकी वासराच्या मांसाचा फिका रंग दुधावर वाढलेल्या जनावराचा असतो आणि त्यात लोह कमी असते. महाराष्ट्रात तर गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर आहे. हरणाचे मांस बोकडासारखेच कमी चरबीचे असते, परंतु वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपल्याकडे हरणाची शिकार गुन्हा आहे. ब्रिटन किंवा न्यूझीलंडमधील मराठी घरांना ते दुकानात कायदेशीर मिळते. तिथे ते मांडीच्या मटणाप्रमाणे मोजायला हरकत नाही, मात्र चरबी नसल्याने जास्त शिजवले तर कोरडे पडते.

युरिक ॲसिड वाढलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. इतरांसाठी जागतिक कर्करोग संशोधन निधीची मर्यादा आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅम शिजलेल्या लाल मांसाची आहे. वरच्याच हिशेबाने उलट मोजले, तर खाटकाच्या तराजूवर हे हाडासकट ७०० ग्रॅम ते एक किलो भरते, तेही दर माणशी, घरातील सर्वांना मिळून नव्हे.