हाताने गोधडी कशी शिवावी: जुन्या लुगड्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत

गोधडीला नवं कापड मानवत नाही. पहिल्यांदा शिवायला बसणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं काम सोपं जाणार की जड, हे इथेच ठरतं. नव्या सुती कापडात खळ असते. ते धुतल्यावर आटतं, रंग सोडतं आणि त्याच्या चार थरांतून सुई काढताना बोटं भरून येतात. याउलट दहा-बारा वर्षं नेसलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं घ्या. त्याची खळ केव्हाच गेलेली असते, आटायचं ते आटलेलं असतं, रंगही जायचा तेवढा गेलेला असतो. सुई कुठे अडत नाही. आपल्या आज्या जुनेऱ्यातून गोधड्या शिवायच्या त्यात काटकसर होतीच, पण कापडाची जाणही होती.

आमच्या कोल्हापूरकडे हिला वाकळ म्हणतात, आणि बाळासाठी शिवलेल्या छोटीला दुपटं. नाव कुठलंही घ्या, शिवण एकच: साधा धावदोरा, म्हणजे सुई वर-खाली करत सरळ पुढे जाणारा टाका. ज्याला शर्टाचं बटण लावता येतं त्याला गोधडी शिवता येते.

कापड निवडणं

कपाट उघडा आणि सुती तेवढं बाजूला काढा: लुगडी, साड्या, धोतरं, चादरी, मऊ पडलेले सदरे. नायलॉन आणि पॉलिस्टर घेऊ नका. ते घाम शोषत नाही, थरांमध्ये सरकत राहतं आणि अंगावर घेतल्यावर गुदमरल्यासारखं होतं. जरीचे काठ असतील तर उसवून ठेवा, कारण जर अंगाला टोचते. जुनं रेशीम घडीवर फाटतं, ते मन घट्ट करून वगळा.

प्रत्येक कापड खिडकीतल्या उजेडात धरून पाहा. विरलेली जागा लगेच दिसते. थोडी विरलेली चालते, ती आतल्या थरात जाईल. पण दोन्ही हातांनी हलकं ताणल्यावर टरकन फाटलं, तर त्याचा जीव संपला असं समजा. वरच्या थराच्या रंगाबद्दल शंका असेल तर ओला पांढरा रुमाल त्यावर दाबून पाहा. रुमालाला रंग लागला तर ते कापड पुन्हा धुवा. मग सगळी कापडं धुऊन दिवसभर कडक उन्हात वाळवा.

माप

नऊवारी लुगड्याचा हिशेब मला नेहमीच सुंदर वाटतो. ९ वार म्हणजे ३२४ इंच. ते दोनदा दुमडलं की चार थर होतात आणि लांबी राहते ८१ इंच, म्हणजे पावणेसात फूट. पन्हा साधारण ४५ इंच. एका माणसाची गोधडी, आणि कात्री लावावीच लागत नाही! सहावारी साडी तीन पदरी केली तर ७२ इंच होते. ती मुलांना पुरते, किंवा आत भर म्हणून घालता येते.

चार थरांची गोधडी पावसाळ्यात पांघरायला बरी. थंडीसाठी मध्ये धोतर किंवा चादर घालून सहा-सात थर करा. त्याच्या वर जाऊ नका, सुई वाकते आणि हातही.

कधीच शिवलं नसेल तर पहिलं दुपटं करा. साधारण ३० इंच लांबी-रुंदी, तीन थर. आठवड्याभरात होतं आणि हात बसतो.

सुई, दोरा, मेण

सुई लांब आणि जाडसर घ्या, मोठ्या नेढ्याची. दाभण नको, त्याने कापडाला भोकं पडतात. दोरा सुतीच हवा. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो हे खरं, पण तो मऊ पडलेल्या सुती कापडाला कापत जातो. काही वर्षांनी दोरा शाबूत आणि कापड फाटलेलं, अशी गत होते. गोधडीत दोरा कापडापेक्षा आधी तुटलेला बरा, तो पुन्हा घालता येतो.

दोरा एका वेळी खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत घ्या, तो दुहेरी घालायचा असेल तर त्याच्या दुप्पट. जास्त लांब घेतला की गुंता होतो आणि प्रत्येक टाक्याला घासून त्याचा पीळ सुटतो. मधमाशीच्या मेणाच्या तुकड्यावरून दोरा दोनदा ओढून घ्या. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटावर घालायची टोपी, घाला. सुरुवातीला अडचण वाटते, पण सुई मागून ढकलण्याचं काम ते करतं. त्याच्याशिवाय तिसऱ्या दिवशी बोटाला भोक पडलेलं असतं.

अंथरणं आणि कच्चा टाका

ही पायरी घाईत उरकली की गोधडी बिघडलीच. मोकळी फरशी झाडून-पुसून घ्या. खालचा थर उलट्या बाजूने पसरा, चारही कोपऱ्यांवर डबे ठेवून ताणा. त्यावर आतले थर एकेक करून अंथरा. प्रत्येक थर मधून कडेकडे तळहाताने सारवल्यासारखा सपाट करत जा. सगळ्यात वरचा आणि खालचा थर चहूबाजूंनी बोटभर आत दुमडा, म्हणजे आतलं काही बाहेर डोकावणार नाही. एक लुगडं दुमडून घेतलं असेल तर घडीची कड आपोआप बंद मिळते, तेवढं काम वाचतं.

आता कच्चा टाका. हातभर अंतरावर, ढोबळ, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, मधून सुरू करून कडेकडे. उभ्या ओळी झाल्या की आडव्या. प्रत्येक टाक्याला सुई वरचा थर किंचित पुढे ढकलते. एका टाक्यात ते कळतही नाही, पण हजारो टाक्यांनंतर मध्ये मोठा झोळ उभा राहतो, आणि तेव्हा उसवण्याशिवाय इलाज नसतो. कच्चा टाका थरांना जागेवर धरून ठेवतो. मी स्वतः एकदा तो टाळला होता, आणि तीन संध्याकाळचं काम उसवलं.

ठिगळांची गोधडी करायची असेल तर

वरचा थर सलग नसून तुकड्यांचाही करता येतो, आणि माझ्या मते गोधडीचा खरा आनंद तिथे आहे. तुकडे चौकोनी-आयताकृती फाडा. फाडलेलं कापड धाग्यात सरळ येतं, कापलेलं तिरपं जातं. एका कोपऱ्यापासून लावत निघा. कौलं घालतात तसं, पुढचं ठिगळ मागच्याच्या कडेवर अर्धा इंच चढवायचं. चढणारी कड आत दुमडायची, खाली जाणारी तशीच सोडायची. म्हणजे दुमड निम्मीच. इरकलीचा काठ, खणाच्या चोळीची बाही, वडिलांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाचा तुकडा, सगळे शेजारी शेजारी बसतात. रंग जुळवायला फार बसू नका. जुने रंग उन्हापाण्याने इतके निवलेले असतात की ते आपसूक जमतात. भडक एखादा तुकडा असेल तर तो मध्यभागी न ठेवता कडेला टाका.

गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत, ते अंगावरच्या चिंध्यांच्या गोधडीमुळेच. चिंधीला एवढा मान आपल्याकडे मिळालेला आहे, हे ठिगळ लावताना आठवतं.

धावदोरा

शिवण कडेपासून सुरू होते. गाठ थरांच्या आत लपवा: सुई वरच्या थरातून घालून कडेला बाहेर काढा आणि हलका झटका द्या, गाठ आत जाते. मग कडेला समांतर धावदोरा घालत चारही बाजू पूर्ण करा. पहिली फेरी संपली की बोटभर आत या आणि दुसरी फेरी सुरू करा. कोपऱ्यात टाका नेमका वळणावर पडू द्या. अशा फेऱ्या आत आत जात मध्यावर संपतात. दर दोन फेऱ्यांनी गोधडी पुन्हा जमिनीवर पसरून हात फिरवा. झोळ दिसू लागलाच तर तो तिथल्या तिथे थोडा थोडा पुढच्या ओळींत वाटून टाका.

सुईवर एका वेळी तीन-चार टाके घ्या आणि मग ओढा. दोरा इतकाच ओढायचा की कापड दबेल, चुरगळणार नाही. टाके सगळे सारखे यावेत म्हणून मोजत बसू नका. पहिल्या दोन फेऱ्या वेड्यावाकड्या येतात, मग हाताला आपला ठेका सापडतो. माझी मावशी म्हणायची, शिवताना सुईकडे बघू नकोस, पुढच्या बोटभर कापडाकडे बघ. तसं केल्यावर ओळ खरंच सरळ येते.

मला यातला सगळ्यात आवडणारा वेळ चौथ्या-पाचव्या फेरीच्या पुढचा. गोधडी मांडीवर जड होऊ लागते, सुईचा टक आणि दोऱ्याची सरसर एवढाच आवाज असतो, आणि एका ठिगळावरून दुसऱ्यावर जाताना ते कापड कोणाच्या अंगावर होतं ते आठवत राहतं. दोघी-तिघी समोरासमोर बसल्या तर गप्पा आणि काम दोन्ही पुढे सरकतं. गावाकडे म्हणूनच हे काम उन्हाळ्याच्या दुपारी चालतं. शेतातली गडबड थांबलेली असते आणि पावसाच्या आत पांघरूण तयार हवं असतं.

किती वेळ लागेल? पावणेसात फुटी गोधडीत दोन-दोन सेंटिमीटरवर ओळी घेतल्या तर शिवण जवळजवळ ११८ मीटर भरते. टाका आणि मधली जागा मिळून एक सेंटिमीटर धरा, म्हणजे सुमारे १२ हजार टाके. रोज तासभर बसलात तर तीन-चार आठवडे. दोरा शिवणीच्या दीडपट धरा, दुहेरी असेल तर तिप्पट, आणि सगळा एकदमच आणा, नाहीतर पुढे छटा बदलते.

मधला शेवटचा टाका झाला की दोन बारीक टाके एकावर एक घ्या, दोरा थरांतून हातभर फिरवून कापा. मगच कच्चे टाके काढा.

धुणं आणि पुन्हा चढवणं

घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी पांघरुणं नदीवर धुवायला नेतात, दगडावर आपटतात, तिथेच वाळवतात. ओळी जवळ असतात म्हणून वाकळ हे सोसते, आतला भर कुठे गोळा होत नाही. घरी मशीनमध्ये न घालता टबात भिजवून पायाने तुडवा, पिळू नका, पाणी निथळू द्या. दोरीवर एकाच घडीत टाकू नका, तिथेच फाटते. दोन दोऱ्यांवर पसरा.

काही वर्षांनी वरचा थर विरतो. तेव्हा गोधडी टाकू नका, तीच नव्या गोधडीचा भर होते. आमच्याकडे आजीने शिवलेल्या वाकळेवर आईने आपलं लुगडं चढवलं होतं. मागच्या उन्हाळ्यात मी त्यावर तिची सुती साडी चढवली. थर बरेच झाले होते, म्हणून ओळी दोन बोटांवर घेतल्या आणि टाकेही लांब घातले. जुने टाके वरच्या कापडातून बोटांना लागतात. त्यांच्यावरून सुई घालू नका, दोरा तुटतो. दोन जुन्या ओळींच्या मधोमध आपली ओळ घ्या.