शेतावरचा हुरडा-मेळा: तयारी शंभर दिवस आधीची

डिसेंबर संपता संपता कुणीतरी म्हणतं, "यंदा शेतावर सगळ्यांना बोलवू या. हुरडा करू, पोरांना जरा माती लागू दे." कल्पना झकास, पण तोवर उशीर झालेला असतो. विकत आणलेल्या पोत्यातला हुरडा काय, मंगल कार्यालयातही भाजून देता येतो. पाहुण्यांनी स्वतः कणीस खुडावं, गाजर उपटावं, हरभऱ्याचा ढाळा ओरबाडावा असं वाटत असेल, तर मेळा पेरणीपासूनच सुरू होतो.

लातूर-धाराशिवकडच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. वेळा अमावस्येला तिथे गावंच्या गावं शेतात जेवायला जातात. कडब्याची खोप, आंबिलाचं मडकं, भज्जी, उंडे. आमंत्रण पंचांगच देतं. बाकीच्यांनी तारीख स्वतः ठरवायची. माझं मत विचाराल तर भोगीच्या आसपासचा रविवार धरा, म्हणजे जानेवारीचा दुसरा. त्या दिवसांत शेतात जे असतं तेच भोगीच्या भाजीत पडतं, त्यामुळे जेवणाचा बेत वेगळा ठरवावा लागत नाही.

तारखेपासून उलटं मोजा

हुरड्याची ज्वारी पेरणीनंतर साधारण ९० ते १०० दिवसांत हुरड्यावर येते. दाणा दाबल्यावर चीक येतो, पण तो पातळ दुधासारखा नसतो, तीच वेळ. ही अवस्था आठवडाभरच टिकते, पुढे दाणा टणक होतो. म्हणून सगळं एका दिवशी पेरू नका. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, ऑक्टोबरचा पहिला आणि दुसरा, असे तीन टप्पे करा. थंडी मागेपुढे झाली तरी एखादा टप्पा हाताशी लागतोच.

वाण हुरड्याचंच हवं: सुरती, गूळभेंडी, कुची-कुची यांसारखं, नाहीतर राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं फुले उत्तरा किंवा फुले मधुर. मालदांडीची भाकरी उत्तम, पण तिचा हुरडा चोळताना बोंडातून दाणा लवकर सुटत नाही आणि गोडीही कमी.

किती पेरायचं? एका गुंठ्यात, म्हणजे १०१ चौरस मीटरमध्ये, ४५ बाय १५ सेंटीमीटरवर पेरलं तर हिशोबाने सुमारे पंधराशे ताटं बसतात. माणशी चार-पाच कणसं धरली तर पन्नास जणांना अडीचशे पुरतात. तरीही दोन गुंठे पेरा, कारण पाखरं आमंत्रणाची वाट बघत नाहीत. मचाण बांधून ठेवा. राखणीला उपयोगी पडतंच, शिवाय त्या दिवशी पोरांना डबा वाजवायला तिथेच बसवता येतं. गोफण मात्र दुरून दाखवायची, त्यांच्या हातात द्यायची नाही.

बाकी भाज्यांचं गणित असंच. गाजर आणि हरभरा ऑक्टोबरात, मुळा नोव्हेंबरच्या अखेरीस, मेथी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. थंडीत मेथी रेंगाळते, म्हणून महिन्याच्या हिशोबावर आठवडा वाढवून धरा. वाफे अरुंद ठेवा आणि मधली वाट दोन माणसं जातील इतकी रुंद, नाहीतर दुपारपर्यंत अर्धी मेथी पायाखाली जाते.

फवारणीचं आधी बोलून ठेवा

पोरं हरभरा न धुता तिथेच खातात. पानावरची आंब जिभेला लागली की तोंड वाकडं करतात आणि पुन्हा मागतात. तेव्हा आपलं रान सेंद्रिय असून भागत नाही, शेजारच्या बांधावर काय चाललंय तेही बघावं लागतं. घाटेअळीचे हेच दिवस. आठवडाभर आधी जाऊन, चहा पिऊन, शेजाऱ्याला विनंती करा की दोन-चार दिवस फवारा थांबवा. तरीही बांधालगतच्या ओळी पाहुण्यांसाठी सोडू नका.

'सेंद्रिय' हा शब्द फलकावर जपून लिहा. प्रमाणपत्र नसेल तर काय घालता आणि काय घालत नाही तेवढं साध्या शब्दांत सांगा. कांदा बाजारातून आणला असेल तर तेही सांगा. लोक समजून घेतात.

पोरांना काम द्या

फिरून दाखवणं अर्ध्या तासात संपतं, मग मोबाईल बाहेर येतात. त्यापेक्षा हात घाण होतील असं काहीतरी ठेवा. जीवामृताच्या, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या पातळ खताच्या, तीन बादल्या हा आमचा सगळ्यात चाललेला प्रकार. २०० लिटर पाण्याला माप असं: १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, प्रत्येकी २ किलो गूळ आणि बेसन, बांधावरची मूठभर माती. वीस लिटरच्या बादलीला याचा दहावा हिस्सा घ्या. एक बादली दोन दिवस आधी भिजवायची, दुसरी आदल्या दिवशी, तिसरी पोरांसमोर. सावलीत, गोणपाट झाकून, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळून. तिन्हींचा वास ओळीने घ्यायला लावला की आंबणं म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. नंतर साबणाने हात धुऊन घ्यायचे, हे पहारा देऊनच.

करवंटीत माती भरून मेथी पेरायची आणि ती घरी न्यायची. चार-पाच दिवसांत उगवते, म्हणजे पुढच्या रविवारपर्यंत शेताची आठवण खिडकीत असते.

एका खाटेवर बियाणं मांडा: गावरान घेवडा, वाल, दोडका, भोपळा. पाहुण्यांनाही घरचं आणायला सांगा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणं जपली आणि त्या कामाला २०२० ची पद्मश्री मिळाली. त्यांची गोष्ट इथेच सांगावी. पुडीवर वाण, गाव आणि पेरणीचा महिना लिहा. संकरित वाणाचं बी मात्र ठेवू नका, पुढच्या पिढीत ते मूळ झाडासारखं उतरत नाही.

आगटी आणि जेवण

वीसेक माणसांमागे एक आगटी. हातभर रुंद, वीतभर खोल खड्डा, त्यात वाळलेल्या गोवऱ्या. धूर थांबून निखाऱ्यावर राख धरली की कणसं आत खुपसायची, दांडे बाहेर. पाच-सात मिनिटं फिरवत राहायचं. मग गरम असतानाच गोणपाटावर चोळायचं आणि फुंकर मारून कोंडा उडवायचा. भाजणारा आणि चोळणारा वेगळे ठेवा. एकट्याला दोन्ही जमत नाही आणि रांग लागते. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं. हुरडा पोटभर खाऊ देऊ नका, मागून भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी यायची आहे.

भाकऱ्या करायला गावातल्या बायका बोलावल्यात तर मजुरी आधी ठरवा आणि चुलीजवळ सावली करा. त्यांचं जेवण शेवटच्या पंगतीवर ढकलू नका. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

धोक्याच्या जागा

कडब्याच्या गंजीपासून आगटी लांब, आणि वारा गंजीकडून आगटीकडे वाहील अशा बाजूला. शेजारी पाण्याचं पिंप. मोटारीच्या स्टार्टरपेटीला कुलूप. विहिरीला कठडा नसेल तर त्या बाजूला जाणंच बंद.

आणि शेततळं. याबद्दल मी कुणाचंही ऐकत नाही. प्लास्टिकचा कागद ओला झाला की चांगला पोहणाराही काठावर चढू शकत नाही, पाय घसरतच राहतो. भोवती कुंपण हवं, दोरी बांधलेली ट्यूब काठावर हवी, आणि दिवसभर तिथे एक मोठा माणूस बसलेला हवा. फोटोसाठीसुद्धा कुणाला आत सोडायचं नाही.

पाहुणे गेल्यावर आगटीत पाणी ओतून राख ढवळा. वरून गार वाटते, आत निखारा असतो. कणसं काढलेली ताटं जनावरांना घाला. पण खोडांना नंतर जे कोवळे फुटवे येतात, त्यांच्याकडे गाय-वासरू फिरकू देऊ नका. ते खाल्लं की किराळ लागते, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा होते, आणि जनावर तासाभरातही हातचं जाऊ शकतं.