रेकॉर्ड प्लेअरची मोटर बदलायचीय? विकत घ्यायच्या आधी हे बघा

मोटर गेली असं ठरवायच्या आधी बेल्ट काढा आणि मोटर नुसतीच चालवून बघा. बेल्टशिवाय मस्त फिरत असेल तर दोष बहुतेक सैल बेल्टचा किंवा प्लॅटरच्या (रेकॉर्ड ठेवतो त्या फिरत्या थाळीच्या) सुकलेल्या बेअरिंगचा. एसी मोटर जागेवर थरथरत असेल नाहीतर कधी सुलटी कधी उलटी फिरत असेल तर पहिला संशय कॅपॅसिटरवर घ्या. तो आधी होता त्याच व्हॅल्यूचा आणि व्होल्टेजचा घ्यायचा, आणि हो, प्लग काढल्याशिवाय आत हात घालायचा नाही.

तरीही मोटरच गेलेली निघाली तर तिच्यावरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. पहिला प्रश्न, एसी की डीसी?

एसी सिंक्रोनस असेल तर नुसते व्होल्ट जुळवून भागत नाही, कारण तिचा वेग हर्ट्झवर ठरतो. 24 पोलची (आतले चुंबकीय ध्रुव) मोटर 50 हर्ट्झवर 250 आरपीएम (मिनिटाला फेरे) फिरते, 60 वर 300. थोरेन्स कंपनीच्या टीडी 160 प्लेअरमध्ये 16 पोलची असते, ती आपल्याकडे 375 फिरते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी चालणार नाही. अमेरिकेतून कुणी प्लेअर आणला की इथेच घोळ होतो, ट्रान्सफॉर्मर लावला की 110 व्होल्ट मिळतात पण हर्ट्झ 50च राहतात, मग प्लॅटर 33⅓ ऐवजी जेमतेम 28 आरपीएम, आणि काळी एकमधलं गाणं थेट खालच्या काळी पाचला. अशा वेळी मोटर चांगली असते, बऱ्याचदा 50 हर्ट्झची पुली (मोटरच्या दांड्यावरचं बेल्टचं छोटं चाक) मिळाली की काम होतं.

डीसी असेल तर व्होल्ट, आरपीएम आणि दिशा, तिन्ही जुळलं पाहिजे. शाफ्ट, म्हणजे मोटरचा दांडा, आपल्याकडे करून बघायचं: बेल्टवाल्याला घड्याळाच्या दिशेने फिरणारी लागते, रबरी चाकवाल्या आयडलरला उलटी. लॅमिंग्टन रोडला वगैरे कॅसेट डेकच्या मोटरी मिळतात त्या दिसायला सेम टू सेम, पण बऱ्याच उलट्या फिरणाऱ्या असतात, आणि आत वेग स्थिर ठेवणारं गव्हर्नर सर्किट असेल तर वायरी उलट जोडून दिशा बदलत नाही, उलट सर्किट जळू शकतं.

मग शाफ्टची जाडी, लांबी, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर कॅलिपरने मोजा. जुनी पुली शक्यतो तीच वापरा. नवीन करून घ्यायची तर हिशोब असा: 33.33 भागिले मोटरचे आरपीएम, गुणिले बेल्ट ज्या चकतीवर बसतो तिचा व्यास. 120 मिमी चकती आणि 250 आरपीएमला 16 मिमी येतात. लेथवर 0.1 मिमी जरी चुकलं तरी वेगात 0.6 टक्के फरक पडतो, म्हणून घाई करणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

बसवल्यावर स्ट्रोब डिस्क (वेग तपासायची रेघांची चकती, वेग बरोबर असेल तर रेघा स्थिर दिसतात) ठेवून बघा, 50 हर्ट्झला 33⅓ साठी 180 रेघांची लागते. उजेड साध्या पिवळ्या बल्बचा किंवा निऑनचा घ्या, बऱ्याच एलईडी दिव्यांत रेघा नीट दिसतच नाहीत. डीसी मोटरला मागे बारीक भोक असेल तर आतला स्क्रू अगदी हलक्या हाताने फिरवत रेघा स्थिर होईपर्यंत वेग लावून घ्या.