भाड्याच्या घराची डागडुजी: खर्च कुठे करावा, कुठे आवरावा

भाड्याने दिलेल्या घरावर खर्च करण्यापूर्वी त्या खर्चातून उत्पन्नात नेमकी किती भर पडेल, याचा हिशेब आधी कागदावर मांडावा. समजा, फोंड्यातील दोन खोल्यांच्या सदनिकेवर ३ लाख रुपये खर्च केले आणि भाडे महिन्याला २,५०० रुपयांनी वाढले, तर वर्षाला ३०,००० रुपये मिळून मुद्दल वसूल व्हायला दहा वर्षे लागतील. मात्र या हिशेबात घर रिकामे राहण्याचा काळही धरावा, कारण एक महिना कुलूप राहिले की वर्षाच्या भाड्याचा बारावा हिस्सा, म्हणजे ८ टक्क्यांहून अधिक उत्पन्न बुडते. चांगला भाडेकरू टिकवून धरणारी दुरुस्ती ही भाडे वाढवणाऱ्या सजावटीइतकीच, माझ्या मते अधिकच, मोलाची असते.

गोव्यात घराचा पहिला शत्रू पाणी आहे. त्यामुळे रंग आणि फरशी यांचा विचार ओल बंद झाल्यावरच करावा. भिंत ओली दिसत असेल तर तिच्यावर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवावा: भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतूनच येत आहे आणि खोलीकडच्या बाजूला जमले तर हवा कोंडली आहे, असे समजावे. पहिल्या स्थितीत गच्चीचा कठडा, खिडकीच्या खालची कड, नहाणीचा सांधा आणि भिंतीतले नळ या क्रमाने तपासावे. दुसऱ्या स्थितीत एक एक्झॉस्ट पंखा बसवूनही काम भागते. जुन्या चिरेबंदी घरात सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिक पेंट मारण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण जांभा दगड ओल शोषतो, ती बाहेर पडायला वाट उरत नाही आणि काही पावसाळ्यांतच पोपडे धरतात. तिथे चुन्याचा गिलावा आणि चुन्याचा रंगच योग्य. अशा घरांत भिंतींवरच छपराचा भार असतो, म्हणून खोली मोठी करण्यासाठी भिंत पाडायची झाल्यास अभियंत्याचा सल्ला आणि पंचायतीची किंवा नगरपालिकेची आवश्यक परवानगी घेतल्याशिवाय हातोडा उचलू नये.

त्यानंतर वीज. जुनी वायरिंग, अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच यांवर केलेला खर्च डोळ्यांना दिसत नाही, तरी घरात राहणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न असल्याने तिथे काटकसर नकोच.

दिसणाऱ्या कामांत स्वयंपाकघराचा ओटा आणि नहाणीघर यांना अग्रक्रम द्यावा, कारण घर पाहायला आलेले कुटुंब तिथेच अधिक वेळ थांबते. भाडेकरू कोण असेल, हेही पाहावे. फर्मागुडीच्या विद्यार्थ्यांना टेबल, कपाट आणि पुरेसे प्लग पॉइंट हवे असतात, तर कुंडई-मडकईच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कुटुंबाला पाण्याची टाकी आणि दुचाकीसाठी आडोसा अधिक महत्त्वाचा वाटतो. समुद्राजवळच्या घरात खारी हवा लोखंड खाते, म्हणून तिथे खिडक्या पावडर कोटिंग केलेल्या ॲल्युमिनियमच्या किंवा यूपीव्हीसीच्या घ्याव्यात.

गळतीची नोंद पाऊस चालू असतानाच करावी आणि प्रत्यक्ष काम भिंती वाळल्यावर, नोव्हेंबरपासून पुढे, हाती घ्यावे. विद्यार्थ्यांना घर द्यायचे असेल तर मे महिन्याच्या मध्यापर्यंत ते तयार हवे, नाहीतर नवे शैक्षणिक वर्ष हातचे जाते.

प्राप्तिकरात घरभाड्याच्या उत्पन्नातून आधी भरलेली घरपट्टी आणि मग उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीचा खर्च प्रत्यक्षात कितीही झाला, तरी त्यासाठी वेगळी वजावट नाही. घरात कायमची भर घालणारा खर्च मात्र पुढे घर विकताना भांडवली नफा मोजण्याच्या कामी येतो, त्यामुळे कंत्राटदाराकडून पक्के बिल घ्यावे आणि पैसे बँकेतूनच द्यावेत. काम पूर्ण झाल्यावर प्रत्येक खोलीचे छायाचित्र आणि बसवलेल्या वस्तूंची यादी भाडेकराराला जोडावी, म्हणजे घर सोडताना अनामत रकमेवरून भाडेकरूशी वाद उद्भवणार नाही.