स्क्विड मोठ्या फायली साठवत नाही? आधी हे पाहा

दापोली-गुहागरकडे पावसाळ्यात नेटची लाइन रडतखडत चालते, म्हणून शाळेच्या संगणक खोलीत जुन्या मशीनवर स्क्विड प्रॉक्सी (एकदा आलेल्या फायली साठवून बाकीच्या संगणकांना देणारा मधला सर्व्हर) बसवणं शहाणपणाचंच. पण छोटी चित्रं झटकन येतात आणि ८० एमबीची तीच फाइल प्रत्येक संगणकासाठी पुन्हा बाहेरून येते, असं होत असेल तर आधी ॲक्सेस लॉग, म्हणजे स्क्विडकडे आलेल्या मागण्यांची नोंद, उघडा.

त्या फाइलपुढे दर वेळी टीसीपी_मिस (साठ्यात सापडली नाही) दिसतंय? मग बहुधा आकार आडवा येतोय. स्क्विडची मूळ मर्यादा ४ एमबी. कॉन्फिगमध्ये मॅक्झिमम_ऑब्जेक्ट_साइज २०० एमबी करा आणि ही ओळ कॅश_डिरच्या (डिस्कवरचा साठा ठरवणाऱ्या ओळीच्या) वरच लिहा. खाली लिहिली तर त्या कॅशला ती लागू होत नाही. कॅश_डिरची ओळच # लावून बंद असेल तर साठवण फक्त मेमरीत होते, आणि तिथे मूळ मर्यादा जेमतेम ५१२ केबी!

डाउनलोड मॅनेजरने चाचणी घेऊ नका. तो फाइल तुकड्यांत मागतो आणि २०६ कोडची अर्धवट उत्तरं स्क्विड साठवत नाही.

वेबसाइटच्या सर्व्हरनेच नो-स्टोअर (साठवू नका) म्हटलं असेल तर जबरदस्ती नको, एकाचं लॉगिन केलेलं पान दुसऱ्याला दिसायचं.

लॉगमध्ये टीसीपी_टनेल दिसलं तर मात्र वरचं सगळं फुकट. ते एचटीटीपीएस, म्हणजे कूटबद्ध जोडणी, प्रॉक्सीला आतलं दिसतच नाही. अशी फाइल एकदाच उतरवून लॅबच्या शेअर फोल्डरमध्ये टाका.